पावसात ऊन नाही आणि २६ दिवसांच्या बाळाचे डोळे अजून पिवळे आहेत

सत्तरीची माहेरवाशीण (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी आज २६ दिवसांची झाली. ती पूर्ण दिवसांची असून जन्माच्या वेळी तिचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते. तिसऱ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर पिवळेपणा दिसू लागला. इस्पितळातून घरी सोडण्यापूर्वी रक्त तपासले तेव्हा बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) १२ च्या आसपास निघाले आणि तिच्या वयाच्या मानाने ते निळ्या दिव्याखाली ठेवण्याइतके नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आठवडाभरात सगळे उतरेल अशा समजुतीने आम्ही निर्धास्त होतो. अंगाचा पिवळेपणा बराच कमी झाला आहे, पण डोळ्यांचा पांढरा भाग अजून पिवळाच दिसतो.

मी सध्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बरेच आत असलेल्या माहेरच्या गावी आहे. बारशाला आलेल्या प्रत्येक बाईने मुलीला दारातल्या उजेडात धरून पाहिले आणि प्रत्येकीने वेगळा सल्ला दिला. कोवळ्या उन्हात ठेव, हे तर सगळ्यांनीच सांगितले. पण जुलै महिन्यात सत्तरीत ऊन आणायचे कोठून? गेले नऊ दिवस सूर्याचे तोंड दिसलेले नाही. मावशीने माझ्या जेवणातली हळद बंद केली आहे. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई गुटी उगाळून देण्याचा आग्रह धरतात आणि शेजारच्या काकूंनी ग्लुकोजचे पाणी पाजायला सांगितले आहे.

मुलगी फक्त माझ्या दुधावर आहे आणि ओढून पिते. तिला दिवसाला सात-आठ वेळा पातळ शी होते. तिला जुलाब लागले आहेत असे आईला वाटते. रात्री तिचे नाक घुरघुरते. आमच्याकडून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जायला दीड तास मोडतो आणि पावसात कधी झाड आडवे पडलेले असते, कधी वीज गेलेली असते. त्यामुळे कशासाठी उन्हाची वाट पाहायची आणि कशासाठी अपरात्रीही निघायचे, हे मला समजून घ्यायचे आहे.

फोंड्याची दोघांची आई

ताई, माझ्या धाकट्याची कावीळ नऊ आठवडे रेंगाळली होती, म्हणून तुमची घालमेल मी समजू शकते. तो आज चार वर्षांचा आहे आणि घर डोक्यावर घेतो. मात्र माझा मुलगा सुखरूप राहिला म्हणून तुम्हीही निश्चिंत राहा, असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि त्यानंतरच आम्ही स्वस्थ बसलो.

त्या काळात माझ्याकडून झालेली एक चूक तुम्हाला सांगते. एका खासगी दवाखान्यात मला दोन दिवस अंगावरचे दूध थांबवून डब्याचे दूध देण्यास सांगण्यात आले. मी ते मुकाट्याने ऐकले. दूध दाटून छाती दगडासारखी झाली, मला ताप भरला आणि बाटलीची सवय लागल्यामुळे मुलगा पुढे चार दिवस अंगावर प्यायला तयार होईना. नंतर ज्या बालरोगतज्ज्ञांना दाखवले त्यांनी स्पष्ट सांगितले की आईच्या दुधामुळे राहणारी कावीळ बाळाला अपाय करत नाही आणि तिच्यासाठी दूध तोडण्याची गरज नसते. हळदीचे म्हणाल तर आमच्याकडेही तोच प्रकार झाला होता. जेवणातल्या हळदीचा बाळाच्या काविळीशी काहीही संबंध नाही. तुम्ही मात्र दीड महिना पांढरी आमटी जेवाल.

निवृत्त परिचारिका, डिचोली

मुली, तू शी किती वेळा होते ते लिहिलेस, पण तिचा रंग लिहिला नाहीस. लघवीचाही रंग लिहिला नाहीस. या दोन गोष्टी मला डोळ्यांच्या पिवळेपणापेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात, म्हणून आधी त्यांच्याविषयीच लिहिते.

केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरी वाटून पाण्यात कालवल्यासारखी पिवळी, पातळ आणि थोडी दाणेदार असते. ती दिवसाला आठ-दहा वेळाही होते, बहुतेक वेळा पाजता पाजताच होते, आणि बाळाचे वजन वाढत असेल तर तिला जुलाब म्हणत नाहीत. हिरवट किंवा तपकिरी रंगानेही घाबरू नये. पुढे दीड-दोन महिन्यांनंतर हेच बाळ पाच-पाच दिवस शी करणार नाही आणि तेव्हा घरातले लोक उलट्या काळजीने तुझ्यामागे लागतील. नेहमीची सवय मोडून शी एकदम पाण्यासारखी होऊ लागली, तिच्यात रक्त किंवा शेंबूड दिसला, किंवा बाळ मलूल होऊन त्याचे लंगोट कोरडे राहू लागले, तर मात्र तो आजार समजावा.

ज्या शीची मला भीती वाटते ती राखाडी, पिठूळ किंवा शाडूच्या मातीसारखी फिकट असते. शीला पिवळा रंग पित्तामुळे येतो. यकृतातून आतड्यात पित्त उतरलेच नाही तर शी फिकट होते आणि तेच पित्त रक्तातून मूत्रपिंडात गेल्याने लघवी गडद होते. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असावी, तिचा लंगोटावर डाग पडता कामा नये. तू सुती पांढरे लंगोट वापरत असशील तर ही परीक्षा घरच्या घरी होते. वाळलेल्या लंगोटावर पिवळा डाग राहत असेल तर ती खूण लक्षात घ्यावी. विकतच्या डायपरमध्ये हे कळत नाही.

माझ्या नोकरीच्या काळात एक जोडपे तीन महिन्यांचे बाळ लसीकरणाला घेऊन आले होते. बाळ गुटगुटीत होते, हसत होते, पण डोळे पिवळे होते आणि शी खडूच्या पुडीसारखी होती. मी विचारल्यावर आजी मोठ्या कौतुकाने म्हणाल्या की बाळ नुसते दूध पिते, मग शी पांढरी होणारच. त्यांच्या बोलण्यात वेडगळपणा नव्हता. तर्काला धरूनच होते ते. पण ते चुकीचे होते आणि त्या चुकीत बाळाच्या उपचारांचे दोन महिने गेले होते. तेव्हापासून पिवळे डोळे दिसले की मी आधी लंगोट मागते.

उद्या सकाळी दिवा न लावता, पडवीतल्या उजेडात दोन्ही गोष्टी पाहा. पिवळ्या दिव्याखाली सगळेच पिवळे दिसते. रंग काहीही असला तरी १४ दिवसांनंतरही कावीळ टिकली असल्याने एकदा रक्ताची तपासणी करून घ्यायलाच हवी, आणि ती याच आठवड्यात करावी.

पेडण्याच्या आजी

सर्वांचे वाचले. मी पाच मुले आणि सात नातवंडे हाताखालून काढली आहेत. कोवळे ऊन आणि गुटी या दोन गोष्टींवर आमच्या पिढ्या वाढल्या. आताच्या मुलींना प्रत्येक गोष्टीसाठी रक्त काढून घ्यावेसे वाटते, याचे मला नवल वाटते. गुटीत मुरडशेंग, हिरडा, सुंठ, वेखंड, जायफळ, हळकुंड, बदाम अशा घरच्याच वस्तू असतात आणि त्या सहाणेवर दोन-चार वेढेच उगाळायच्या असतात. त्यात विष ते काय असणार? ऊन नसेल तर बाळाला चुलीच्या उबेला, शेगडीजवळ ठेवावे. आम्ही पावसाळ्यात तेच करत होतो.

पांढऱ्या शीचे मात्र मी कधी ऐकले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगते.

निवृत्त परिचारिका, डिचोली

आजी, तुमच्या अनुभवाचा मान राखूनच दोन शब्द लिहिते. मलाही माझ्या आजीने गुटी पाजूनच वाढवले. परंतु सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही लागत नाही, आणि गुटीबरोबर सहाणेवरचे, वाटीतले आणि बोटावरचे जंतूही पोटात जातात. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झालेले असते, हे आपण दोघीही जाणतो. शिवाय दोन वेढे म्हणजे किती, हे हातागणिक बदलते. जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगते. ते शांत झोपले असे आपल्याला वाटते, पण ज्या बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजून कावीळ उतरवायची आहे त्याला गुंगी आलेली परवडत नाही. पूर्ण वर्ष होईपर्यंत मधाचे बोट चाटवणेही टाळावे, कारण मधातल्या काही जंतूंचे विष बाळाच्या आतड्यात तयार होऊन त्याचे स्नायू लुळे पडू शकतात.

शेगडीची ऊब काविळीवर चालत नाही. कावीळ प्रकाशाने उतरते, उष्णतेने नव्हे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे तर बाळ आणि बाळंतीण दोघींच्या जिवावर बेतू शकते.

बालरोगतज्ज्ञ, तिसवाडी

प्रश्न आणि उत्तरे वाचली. परिचारिका ताईंनी शीच्या रंगाकडे लक्ष वेधले, ते योग्यच केले. मी इथे सर्वसाधारण माहिती देत आहे. बाळाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

नवजात बाळाच्या शरीरात तांबड्या रक्तपेशी जास्त असतात आणि त्या लवकर मोडतात. त्यातून तयार होणारे बिलिरुबिन हाताळण्याइतके यकृत तयार झालेले नसते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागणारी आणि पूर्ण दिवसांच्या बाळात दोन आठवड्यांच्या आत जाणारी कावीळ स्वाभाविक असते. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीच स्वाभाविक नसते. तिच्यामागे आई आणि बाळाच्या रक्तगटांतील विसंगतीसारखे कारण शोधावे लागते. पहिल्या आठवड्यात पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर पातळी बरीच वाढलेली असू शकते आणि त्याच दिवशी रक्त तपासणे आवश्यक असते, कारण अतिशय वाढलेले बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करू शकते.

उन्हाविषयीची समजूत अगदीच निराधार नाही. १९५६ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रोचफर्ड येथील रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आले की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी त्वचा कमी पिवळी दिसते आणि कपड्याखाली झाकलेला भाग तसाच पिवळा राहतो. त्या निरीक्षणावरून १९५८ मध्ये कृत्रिम प्रकाशाच्या उपचारावरचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आजचे निळे दिवे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतात आणि त्यामुळे बिलिरुबिनचे रूप बदलून ते पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर पडते. उन्हातही हा प्रकाश असतो, पण किती आणि किती वेळ हे मोजता येत नाही. बाळाला उघडे ठेवले तर ते एक तर गारठते, नाही तर भाजते. उन्हात ठेवतो आहोत या समाधानात तपासणीचे दिवस निघून जातात, हे त्याहून वाईट होय. तेव्हा ताईंनी पावसाला दोष देऊ नये. ऊन असते तरी मी तपासणीच सांगितली असती.

तपासणीत एकूण बिलिरुबिनबरोबर ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन, म्हणजे यकृताने पित्तात सोडण्यासाठी तयार केलेला भाग, वेगळे मोजून मागावे. नुसता एकूण आकडा या वयात अर्धीच गोष्ट सांगतो. डायरेक्टचा आकडा १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाला तर पित्ताचा मार्ग अडला आहे का, हे तातडीने पाहावे लागते. पित्तनलिका जन्मतःच किंवा जन्मानंतर लगेच बुजत जाण्याचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यावर जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी विकसित केलेली आणि १९५९ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया करतात. ती बाळ ६० दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर तिचा लाभ अधिक होतो. या आजारातले बाळ सुरुवातीला चांगले पिते, वजनही धरते, आणि त्याची शी पहिले काही आठवडे पिवळी असून नंतर फिकट होऊ शकते. म्हणून एकदा पाहून सोडून देऊ नये. कावीळ असेपर्यंत रंग पाहत राहावा. तैवानमध्ये नवजात बाळांच्या आयांना शीच्या रंगांचे चित्र असलेले कार्डच देतात. आपल्याकडे ते घरोघरी पोहोचलेले नाही, पण डोळे आणि लंगोट तर प्रत्येक घरात आहेत.

रेंगाळलेल्या काविळीची आणखी तीन कारणे मी नेहमी तपासतो. पहिले कारण थायरॉइड ग्रंथीची कमतरता होय. असे बाळ सुस्त असते, त्याला बद्धकोष्ठ असतो, आवाज घोगरा येतो, पण पहिल्या महिन्यात यांपैकी काहीच न दिसण्याची शक्यताही मोठी असते. उपचार म्हणजे रोजची एक स्वस्त गोळी. ती उशिरा सुरू झाली तर बुद्धीची वाढ खुंटते. दुसरे कारण लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग. तिसरे कारण जी-सिक्स-पीडी या, तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता. ती मुलांत अधिक आढळते, क्वचित मुलींतही असते. या तिसऱ्या कारणासंबंधी गोव्याच्या पावसाळ्यात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दमट हवेमुळे आपण कपाटात आणि पेटीत डांबरगोळ्या टाकतो, आणि बाळंतपणासाठी जपून ठेवलेली दुपटी, टोपरी, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या त्याच पेटीतून निघतात. ही कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्या गोळ्यांच्या वासानेही मोडू शकतात आणि कावीळ एकाएकी चढते. असे कपडे धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वारा देऊनच वापरावेत.

हे सगळे व्यवस्थित निघाले तर उरते ती आईच्या दुधामुळे राहणारी कावीळ. ती बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत टिकू शकते आणि तिला औषध लागत नाही. ग्लुकोजच्या पाण्याने कोणतीही कावीळ उतरत नाही. उलट पोट भरल्याने बाळ दूध कमी पिते, शी कमी होते आणि बिलिरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात शोषले जाते.

आता अपरात्री निघण्याविषयी. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात मी एकाच गोष्टीकडे सर्वांत आधी पाहतो: कालपर्यंत ओढून पिणारे बाळ आज पीत नाही का? या वयातला गंभीर जंतुसंसर्ग पुष्कळदा इतकेच लक्षण दाखवतो. हे लक्षण दिसले, किंवा ते नसतानाही काखेतला ताप ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा अधिक भरला, अथवा उलट अंग गार पडून तो ३५.५ अंशांच्या खाली गेला, झटके आले, बाळ हालचाल करेनासे झाले, उलटी हिरवी झाली, नाळेभोवतीची त्वचा लाल होऊन पसरू लागली, किंवा काविळीसह शरीर ताठ होऊन बाळ धनुष्यासारखे मागे वाकू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा, जवळच्या आरोग्य केंद्रात प्राथमिक उपचार घ्यावेत आणि तिथून गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जिल्हा इस्पितळात जावे. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. पावसात बाळ गारठू नये यासाठी याहून चांगली सोय नाही.

नाकाच्या घुरघुरीसाठी बहुधा काही करावे लागत नाही. तान्ही बाळे नाकानेच श्वास घेतात, नाकाची वाट अरुंद असते, थोडासा शेंबूडही वाजतो. पिताना अडत असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब पाजण्यापूर्वी नाकात घालावेत. तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरते. सर्दी-खोकल्याची सिरपे या वयात कोणी सुचवली तरी नाकारावीत. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विषारी डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, ही घटना सर्वांनी वाचली असेल, आणि मुळात शुद्ध सिरपाचाही तान्ह्या बाळाला उपयोग नसतो. श्वासाबद्दल शंका आली तर बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास दोनदा मोजूनही भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ती सर्दी नव्हे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण या वयात श्वासाची लय मुळातच अनियमित असते आणि पाच-दहा सेकंदांचा विराम स्वाभाविक असतो.

सत्तरीची माहेरवाशीण

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच दिवस लागले, कारण मधले दोन दिवस वीज नव्हती आणि एक दिवस रस्ता बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आईने पडवीत लंगोट पाहिले. शी पिवळी होती. लघवीचा डाग नव्हता. तरी आम्ही आरोग्य केंद्रात गेलो आणि तिथल्या डॉक्टरांनी रक्त व लघवीचे नमुने घेतले. एकूण बिलिरुबिन ९.६ आणि डायरेक्ट ०.५ आले. थायरॉइडची तपासणी व्यवस्थित आहे, लघवीत संसर्ग नाही, आणि वजन ३ किलो ३५० ग्रॅम भरले. आईच्या दुधामुळे रेंगाळलेली कावीळ असावी, दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा आणि शीचा रंग पाहत राहा, असे त्यांनी सांगितले. गणेश चवथीपर्यंत उतरेल, असेही म्हणाले.

डांबरगोळ्यांचे वाचून मात्र आम्ही सगळ्याच गप्प झालो. माझ्या भावाच्या मुलाची दुपटी आईने चार वर्षे त्याच पेटीत ठेवली होती आणि गेले महिनाभर बाळ त्यांतच गुंडाळले जात होते. सगळी धुऊन काढली. परवा सकाळी अर्धा तास लख्ख ऊन पडले, तेव्हा मावशी बाळाला बाहेर न्यायला उठली. पण आईने तिला थांबवून आधी दुपटी वाळत घातली. गुटी सहा महिने नाही, असे न्हाऊ घालणाऱ्या बाईंना सांगितले आहे. त्या थोड्या रुसल्या आहेत, पण येतात. माझी हळद परत सुरू झाली.

आता एकच शंका आहे. दीड महिन्याची लस जवळ आली आहे. तापासाठी भावाच्या मुलाचे पॅरासिटामॉलचे उघडलेले सिरप घरात आहे. ते चालेल का?

निवृत्त परिचारिका, डिचोली

नको. एक तर उघडून ठेवलेली जुनी बाटली टाकून द्यावी. दुसरे म्हणजे, याच औषधाचे तान्ह्या बाळांसाठीचे थेंब आणि मोठ्या मुलांचे सिरप यांची तीव्रता वेगळी असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या थेंबांत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपात ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरला केवळ २५. त्याहून दुप्पट तीव्रतेचे सिरपही मिळते. सिरपाचे माप थेंबांना लावले तर बाळाला चौपट औषध जाते, आणि असे झालेले मी पाहिले आहे.

लसीच्या दिवशी बाळाचे वजन करून डॉक्टर किंवा परिचारिका जे थेंब आणि जितके माप लिहून देतील तेवढेच, त्या बाटलीबरोबर आलेल्या मापानेच द्यावे. चहाच्या चमच्याने नव्हे. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांविरुद्धच्या एकत्रित) लसीनंतर पहिल्या दिवशी अंग थोडे तापते, मांडी दुखते, बाळ किरकिर करते. टोचलेल्या जागी चोळू नये, काही लावू नये. ताप दोन दिवसांहून अधिक राहिला, किंवा बाळ प्यायचे थांबले, तर ‘लसीचाच ताप असेल’ असे म्हणून घरी बसू नये. जन्माच्या वेळी दंडावर टोचलेल्या बीसीजीच्या जागीही या सुमारास लहानशी गाठ येऊन पिकेल. तिलाही काही लावायचे नाही, ती आपोआप सुकते. आणि लसीला येताना एक वापरलेला लंगोट पिशवीत घालून आण. तिथल्या परिचारिकेने नाक मुरडले तर डिचोलीच्या बाईने सांगितले म्हणावे.